ओहोळातले किडे मोजायला शिका: तापतं पाणी, लवकर आटणारा ओहोळ आणि एक साधी वही

मार्च संपत आला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या ओहोळाचा आवाज बदलतो. खळखळ कमी होत होत एक दिवस बंदच होते आणि मग नुसते कोंड, म्हणजे पाणी साचलेल्या खोलगट जागा, उरतात, त्या कोंडांत मासे, कुर्ल्या (खेकडे), झिंगे सगळे दाटीवाटीने. मासे कुठे गेले हे गावात सगळे विचारतात, पण दगडाच्या खालच्या बाजूला जे बारीक बारीक जीव चिकटलेले असतात त्यांची चौकशी कोणी करत नाही. पाणी गरम झालं, ओहोळ लवकर थांबला, किंवा एकाच रात्री प्रचंड पाऊस पडून तळ खरवडून निघाला, तर पहिला फटका या जिवांना बसतो आणि मासे, बेडूक, पक्षी सगळे त्यांच्यावरच जगतात.

म्हणून हा लेख. शास्त्रज्ञ असायची गरज नाही. एक ओहोळ, एक वही, एक थर्मामीटर आणि वर्षातले चार दिवस एवढं देऊ शकत असाल तर पुढचं सगळं तुम्हाला जमेल.

आधी थोडं पाण्याबद्दल, कारण हे समजलं नाही तर मोजणी नुसती मोजणी राहते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ ला ८.३ आणि ३० ला जेमतेम ७.६. आणि किड्याचं शरीर आपल्यासारखं नाही, पाणी तापलं की तोही तापतो, १० अंश वाढले तर त्याच्या शरीराचा खर्च साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे एकीकडे ऑक्सिजनची गरज वाढली आणि दुसरीकडे पुरवठा घटला. शिवाय गरम पाण्यात वाढलेले किडे लवकर मोठे होतात पण आकाराने लहानच राहतात आणि लहान मादी अंडी कमी घालते. किडे दिसतायत म्हणून सगळं ठीक आहे असं होत नाही ते यासाठी.

आता या लेखातली मुख्य गोष्ट. किड्यांची नावं पाठ करू नका, तो श्वास कसा घेतो ते बघा. काही जीव पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनच घेतात, कल्ल्यांनी किंवा कातडीतून. काही जीव पाण्यात राहतात पण श्वास वरच्या हवेतला घेतात, म्हणजे पाण्यातले बरेच ढेकूण, भुंगेरे, डासाच्या अळ्या. पाणी तापतं, थांबतं, तेव्हा पहिली टोळी कमी होते आणि दुसरी टिकून राहते. ह्या दोन टोळ्यांचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवला तर ओहोळाचं काय चाललंय ते तुम्हाला दिसतं.

जागा कशी निवडायची

जागा दोन घ्या, एक नको. एक वरच्या अंगाला, जिथे दोन्ही काठांवर झाडं आहेत आणि दुपारीसुद्धा पाण्यावर सावली असते, आणि दुसरी त्याच ओहोळावर खाली, जिथे उघडं झालंय, कुळागर (सुपारीची बाग) किंवा शेत संपून मोकळं पात्र आहे. असं का, तर दहा वर्षांनी सावलीतलं पाणी किती तापेल ते आज कोणी सांगू शकत नाही, पण उघड्यावरचं पाणी आजच जास्त तापतं आणि तिथे कोण टिकलंय ते बघून वरच्या भागात पुढे काय होऊ शकतं याचा अंदाज येतो. अर्थात खाली इतरही फरक असतात, साबण, पंप, जनावरं, ते पुढे येईलच.

जागा अशी घ्या की घरून चालत जाता येईल. फार सुंदर पण लांबची जागा घेतली तर दुसऱ्या वर्षी जाणं बंद होतं, मी हे करून बसलोय. अभयारण्यात जागा घेऊ नका, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर कुठेही परवानगीशिवाय आत जाऊन जीव पकडणं कायद्यात बसत नाही आणि ते बरोबरच आहे. गावातला ओहोळ पुरेसा आहे. खाली मांडवी नदीच्या अंगाला असाल तर भरतीचं पाणी कुठपर्यंत येतं ते आधी बघा कारण मांडवीत भरती-ओहोटी पार वर गांजे गावापर्यंत जाणवते, आणि उन्हाळ्यात नदीचा ओघ कमी झाला की खारं पाणी वर सरकतं, मग तिथे मिळालेली यादी वेगळ्याच कारणाने वेगळी असते.

सामान

पांढरा प्लॅस्टिकचा ट्रे किंवा मोठं पांढरं ताट, पांढरंच हवं, स्टीलच्या ताटात बारीक किडे दिसत नाहीत. पीठ चाळायची बारीक चाळण. अर्ध्या मिलिमीटरची जाळी मिळाली तर लाकडी चौकटीला लावून घ्या, मच्छरदाणीचं कापड चालत नाही, त्यातून लहान पिल्लं निसटतात आणि तुम्हाला वाटतं नाहीतच. रंगाचा मऊ ब्रश, दोन प्लॅस्टिकचे चमचे, जुन्या आइस्क्रीमचे रिकामे डबे. मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स असली तर फार उपयोग होतो. काचेचा नाही, डिजिटल थर्मामीटर घ्या, तो दगडावर पडला तरी पारा पाण्यात जायची भीती नाही. आणि पेन्सिल. पहिल्या वर्षी मी बॉलपेनने लिहिलं होतं, वही भिजली आणि जानेवारीचं अख्खं पान पुसून गेलं, ते वर्ष आता परत मिळणार नाही.

कधी जायचं

वर्षातून चार वेळा: नोव्हेंबर, जानेवारी, मार्च, मे. तारीख ठरवून टाका, म्हणजे समजा प्रत्येक वेळी त्या महिन्याचा दुसरा रविवार. सणावर धरू नका, शिगमो काय किंवा दिवाळी काय, तिथी दरवर्षी पुढेमागे सरकते आणि दोन-तीन आठवड्यांचा फरक म्हणजे मार्चच्या ओहोळात फार मोठा फरक. वेळ एकच, दुपारी दोन ते चार, कारण पाणी तेव्हा सगळ्यात जास्त तापलेलं असतं.

जून ते सप्टेंबर ओहोळात उतरायचं नाही. वर डोंगरात पाऊस पडलेला असतो आणि खाली ऊन असतं आणि पाणी मिनिटांत चढतं. २३ जुलै २०२१ ला सत्तरीत म्हादई नदीच्या (हिलाच खाली मांडवी म्हणतात) काठच्या घरांत पाणी शिरलं होतं, ज्यांनी ते बघितलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. पायाला जखम असेल तर इतर वेळीही थांबलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) धोका असतो. एकट्याने जाऊ नका.

पाणी मोजणं

पोचल्यावर आधी पाणी, मग किडे, कारण तुम्ही पात्रात नाचलात की पाणी गढूळ. थर्मामीटर वाहत्या पाण्यात, सावलीत, हातभर खोल किंवा निदान तळाजवळ दोन मिनिटं धरा. मग हवेचं तापमान, तेही सावलीत. मग पात्राची रुंदी दोरीने, खोली काठीने, आणि पाणी वाहतंय का, नुसतं झिरपतंय का, कोंड झालेत का ते शब्दात. झाडाचं पान पाण्यावर सोडा आणि पाच मीटर जायला किती सेकंद लागतात ते लिहा.

आणि ह्या चार भेटींच्या पलीकडे दोन तारखा कसोशीने लिहून ठेवा: ओहोळ वाहायचा थांबला ती आणि पावसात परत वाहू लागला ती. हे काम काठावर राहणारं कुणीही करू शकतं, शेजारच्या आजी करतात, त्यांना किड्यांत रस नाही पण ओहोळ थांबला की त्या मला हाक मारतात. माझ्या मते अख्ख्या वहीत ह्या दोन तारखा सगळ्यात मोलाच्या आहेत. २०२३ मध्ये मान्सून गोव्यात ११ जूनच्या आसपास आला आणि २०२५ मध्ये मे संपायच्या आधीच, म्हणजे २०२३ मध्ये कोंडातल्या जिवांना २०२५ पेक्षा दोन आठवडे जास्त काढावे लागले. एवढ्या चढउतारात कल शोधायचा तर तारखा लिहिलेल्या हव्यात, आठवणीवर चालत नाही.

जुनी माणसं सांगतात ते मात्र जरूर लिहून घ्या. "शिगम्याला इथे कपडे धुवायचो" असं कुणी म्हणालं तर कुठलं साल ते विचारा, लग्नाचं वर्ष, पोराचा जन्म, असं काहीतरी धरून, आणि मग त्या सालच्या पंचांगात तिथीची तारीख काढा. चढणीचे मासे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणारे, कधी चढायचे हेही लोकांना पक्कं आठवतं.

पकडायचं कसं

खळखळणाऱ्या जागी प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी तळाला टेकवून धरायची, आणि जाळीच्या वरच्या बाजूला टाचेने एक मिनिट तळ ढवळायचा, किडे सुटून प्रवाहाबरोबर जाळीत येतात. असं तीन ठिकाणी. मग पाण्यातले मुठीएवढे दहा दगड एकेक करून ट्रेमध्ये धरून ब्रशने हळूच झाडायचे आणि होते तसे, त्याच बाजूने, परत ठेवायचे. मग कोंडाच्या कडेला कुजलेल्या पानांचा एक ढीग, दोन ओंजळी, चाळणीत. बस. दरवेळी एवढंच, जास्त नाही कमी नाही, एखाद्या दिवशी उत्साहात वीस दगड बघितले तर त्या दिवशी किडे वाढले असं दिसेल आणि ते खोटं असेल.

मे मध्ये प्रवाह नसला तर ढवळायचं राहू द्या, पण वहीत "प्रवाह नाही" लिहा. रिकामं पान सोडू नका, नंतर कळत नाही की गेलो नव्हतो की काही मिळालं नव्हतं.

ट्रे सावलीत ठेवा, पाणी दर दहा मिनिटांनी बदला. सगळे जीव परत सोडायचे आहेत, उन्हात ट्रे ठेवला तर स्टोनफ्लायची पिल्लं (ओळख पुढे आहे) आधी मरतात.

ओळखायचं कसं

एक डबा पाण्यातला ऑक्सिजन घेणाऱ्यांचा आणि एक हवा घेणाऱ्यांचा.

पहिल्या डब्यात: मेफ्लायचं पिल्लू, पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे किंवा पिसांसारखे कल्ले, शेपट्या बहुतेक तीन, कधी दोन, पायाला एक नखी. स्टोनफ्लायचं पिल्लू, दोनच शेपट्या, पायाला दोन नख्या, कल्ले असले तर छातीच्या खाली पायांच्या मुळाशी, पोटाच्या कडेला नाहीत. घोळ झाला तर शेपट्या मोजू नका, कल्ले कुठे आहेत ते बघा. कॅडिसफ्लायची अळी, काही रेशमाने वाळूचे कण किंवा पानाचे तुकडे चिकटवून स्वतःचं घर बनवतात आणि ते घेऊन फिरतात, काही दगडांमध्ये जाळं विणून वाहून येणारं खाणं अडवतात. त्या जाळंवाल्यांचा सगळा संसार वाहत्या पाण्यावर आहे, प्रवाह थांबला की जाळं रिकामंच. दगडाला चिकटलेला चपटा गोल, नाण्यासारखा जीव दिसला तर ती एका भुंगेऱ्याची अळी. टाचणीचं (चतुराच्या बारीक, सडपातळ भावंडाचं) पिल्लू, शेवटाला तीन पानांसारखे कल्ले. चतुराचं पिल्लू, जाड, कल्ले बाहेर नाहीत, ते मागच्या बाजूने पाणी आत घेऊन श्वास घेतं आणि तेच पाणी जोरात सोडून पुढे झेपावतं, ट्रेमध्ये बघायला फार मजा येते, शाळेच्या मुलांना हे आधी दाखवा. बारीक झिंगे इथेच. लालभडक अळीही इथेच, पण तिच्यापुढे वेगळी खूण करा, तिच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे ऑक्सिजन फार कमी असला तरी ती जगते. तीच जास्त आणि बाकी कोणी नाही असं झालं तर पाण्याची अवस्था वाईट आहे.

दुसऱ्या डब्यात: उलटा पोहणारा ढेकूण, शेपटीला लांब नळी असलेला पाणविंचू, पाण्यात बुडी मारणारे काळे भुंगेरे जे पंखाखाली हवा घेऊन जातात, डासाच्या अळ्या. पाण्याच्या वरच धावणारे लांब पायांचे किडे हवेतच राहतात, त्यांना इथे धरा.

गोगलगायी आणि कुर्ल्या वेगळ्या लिहा, त्यांच्यात दोन्ही प्रकार आहेत. ओहोळातल्या कुर्लीबद्दल एक सांगायचंय, समुद्रातल्या कुर्लीसारखी तिची पिल्लं पाण्यात वाहत दूर जात नाहीत, आई पोटाखाली घेऊन फिरते आणि ती छोट्या कुर्ल्या म्हणूनच बाहेर पडतात. म्हणजे एका ओहोळातली कुर्ली संपली तर दुसरीकडून वाहत येऊन ती जागा भरणार नाही.

संख्या अंदाजे लिहा: १ ते ९ ला अ, १० ते ९९ ला ब, १०० पासून वर क. एकेक मोजत बसलात तर किडे मरतात आणि तुम्ही कंटाळता.

जे पकडता येत नाही तेही नोंदवा. चतुराचं पिल्लू बाहेर येऊन दगडाला किंवा गवताला कात सोडून उडून जातं, ती कात गोळा करायला कोणाला इजा होत नाही आणि इथे ह्या जातीचं आयुष्य पूर्ण झालं याचा तो पक्का पुरावा. मेफ्लाय मोठी झाली की तिला तोंडच कामाचं राहत नाही, खात नाही, काही तास किंवा एखाद-दोन दिवस जगते, दिव्याखाली एकदम थवा दिसला तर तारीख लिहा. पावसाळ्यात आणि नंतर मैदानावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात, तो ग्लोब स्किमर, हिंद महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जाणारा, साचलेल्या तात्पुरत्या पाण्यात वाढणारा. त्याचीही पहिली तारीख लिहा. आपल्याकडच्या चतुरांची नोंद अजून भरते आहे, इडिओनिक्स गोमंतकेन्सिस ही जात गोव्यातून २०१३ मध्येच पहिल्यांदा शास्त्राला माहीत झाली, तेव्हा गावच्या ओहोळात काय असेल ते आधीच ठरवू नका.

हवामानामुळे की दुसऱ्या कशामुळे

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. मे मध्ये हवा घेणारे जास्त झाले म्हणून लगेच हवामान बदल म्हणू नका, मे मध्ये ते वाढणारच, ओहोळाचं ते दरवर्षीचं चक्र आहे. जानेवारीची तुलना जानेवारीशीच करायची. जानेवारीतच जर मे सारखी यादी दिसू लागली, आणि ते दोन-तीन वर्षं टिकलं, तर मात्र लक्ष द्या.

आणि प्रत्येक भेटीत वरच्या अंगाला अर्धा किलोमीटर चालून काय बदललं ते लिहा. सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात मोरचूद असतं आणि मोरचुदात तांबं, ते झिंग्यांना आणि गोगलगायींना फार बाधतं, पावसात धुऊन ओहोळात येतं. काजूच्या दिवसांत काजूची दारू गाळणाऱ्या भट्टीचं उरलेलं ओहोळात ओतलं तर ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, आणि हे नेमकं मार्च-एप्रिलमध्ये, पाणी आधीच कमी असताना. खाणीच्या पट्ट्यात गाळ दगडांच्या फटी बुजवतो, मग चपट्या किड्यांना लपायला जागाच नाही. पंप वाढले, वर बोअरवेल पडली, तर ओहोळ पाऊस चांगला होऊनही लवकर थांबेल. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या डोंगरांवर वणवे लागले होते, आग लागलेल्या उतारावरून पहिल्या पावसात राख आणि माती खाली येते आणि सावलीही गेलेली असते. ह्यातलं काही झालेलं असेल तर त्या वर्षीच्या पानावर मोठ्या अक्षरात.

सोपी कसोटी अशी: फक्त खालच्या उघड्या जागेवर बिघडलं आणि वर ठीक आहे तर कारण बहुधा गावातलं आहे आणि आपण ते सोडवू शकतो. दोन्ही जागी, एकाच दिशेने, तापमान आणि थांबण्याच्या तारखेसकट बदललं तर हवामानाचा संशय घ्या. शेजारच्या ओहोळावर दुसऱ्या कुणाची वही असेल आणि तिथेही तेच असेल तर संशय पक्का होतो. म्हणून एका गावात दोन वह्या असाव्यात असं मला वाटतं.

सड्यावरची डबकी

ओहोळ नसलेल्यांसाठी पण. पावसात जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट पठारावर, उथळ डबकी होतात, त्यातले जीव काही आठवड्यांत जन्मून, वाढून, अंडी घालून मोकळे होतात. फेअरी श्रिम्प नावाचे पारदर्शक, पोट वर करून पोहणारे जीव अशाच पाण्यात असतात, त्यांची अंडी सुक्या मातीत पुढच्या पावसाची वाट बघत राहतात. पण पाऊस लवकर पडून मधे मोठी उघडीप झाली तर अंडी फुटतात आणि पिल्लं मोठी व्हायच्या आत डबकं सुकतं. तुम्ही फक्त डबकं कधी भरलं, कधी सुकलं, किती वेळा, एवढं लिहा आणि आठवड्याला एक फोटो. ह्या डबक्यांत चप्पल घालून चालू नका आणि गाडी तर मुळीच नेऊ नका.

वहीचं पुढे काय

फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या वेबसाइटवर टाका, जाणकार ओळखून देतात. वहीची एक प्रत पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या, गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत हे यायला हवं आणि पाण्यातल्या किड्यांबद्दल तिथे सहसा काहीच नसतं. दरवर्षी पावसाआधी वहीच्या पानांचे फोटो काढून दोन घरांत ठेवा.

आणि वाट बघत बसू नका, दोन गोष्टी आजच करता येतात. बंधारा घालताना पूर्ण पाणी अडवू नका, खाली थोडी धार वाहती ठेवा, खालच्या जाळंवाल्यांना तेवढीही पुरते, आणि हे शेतकऱ्यांशी बसून बोलावं लागतं, त्यांनाही पाणी हवंच आहे. दुसरं, उघड्या जागेवर सावली. दुपारचं ऊन पश्चिमेकडून येतं, तेव्हा आधी पश्चिमेच्या काठावर लावा, करंज, जांभूळ, उंबर, जे आपल्याच ओहोळाच्या काठी आधीपासून उभं आहे त्याचीच रोपं, जूनच्या पहिल्या पावसात, काठापासून दोन-तीन हात मागे म्हणजे पुराने उपटणार नाहीत. लावल्याची तारीख त्याच वहीत लिहा, आणि त्या जागेचं दुपारचं पाणी दर मार्चमध्ये मोजत राहा.